गंजका डक्ट आणि कापडी पर्याय

प्रश्न : रत्नागिरीत किनाऱ्यालगत आमची मासळी प्रक्रियेची शेड आहे. गार हवा वाहून नेणारे पत्र्याचे डक्ट (मोठे नळ) चार वर्षांत गंजले, वर पावसाळ्यात त्यांवरून पाणी टपकतं. कापडी डक्ट चालतील का?

उत्तर : ताई, जरूर चालतील. टपकणारं ते पाणी मासळीवर पडू देऊ नका, ते आधी थांबवा. गार पत्र्याला दमट हवा लागली की दव धरतं. पॉलिएस्टरच्या सच्छिद्र कापडातून मात्र गार हवा सगळीकडून झिरपत राहते, त्यामुळे बाहेरची दमट हवा कापडाला टेकतच नाही. म्हणून कापड सच्छिद्रच मागा. बंद विणीचं घेतलंत तर दव तसंच राहील.

खाऱ्या हवेत कापड गंजत नाही, टांगणीची तार गंजते. माझ्या एका कामात साधी तार वापरली होती, दुसऱ्या पावसाळ्यात ती तुटली. तेव्हापासून मी ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलशिवाय तार लावली नाही. डक्टचे दोन संच घ्या, एक धुण्यात असताना दुसरा टांगता येतो. पंख्याआधी चांगला फिल्टर हवाच, नाहीतर छिद्रं बुजतात. कापड आग न पसरवणारं असल्याचं प्रमाणपत्र लेखी घ्या. शेडमधली हवा यंत्राकडे परत ओढून नेणाऱ्या डक्टला मात्र पत्राच ठेवा. ओढीने साधं कापड चिपकून बसतं.