छाती उचलली जातेय का? रुग्णवाहिकेतल्या सहकाऱ्यांचे प्रश्न

प्रश्न : रुग्ण बेचैन होता, सारखा उठून बसायला बघत होता. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर मात्र ९७ टक्के दाखवत होता, म्हणून आम्ही फारसं काही केलं नाही. योग्य केलं का?

नाही. अचानक आलेली बेचैनी, गोंधळलेलं बोलणं, मास्क ओढून काढणं ही श्वास कमी पडत असल्याची खूण असू शकते आणि आकडा घसरायच्या आधीच ती दिसते. ऑक्सिमीटर फक्त रक्तातल्या ऑक्सिजनबद्दल बोलतो. कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतोय का, श्वासासाठी माणूस किती झगडतोय, हे त्याला कळत नाही. बोटं गार पडली असतील तर तो चुकतो. धुरात अडकलेल्या माणसाच्या बाबतीत तर तो फसवतोच, कारण कार्बन मोनॉक्साइडने भरलेलं रक्त त्याला ऑक्सिजनने भरल्यासारखं दिसतं. अशा रुग्णाला आकडा कितीही छान असला तरी भरपूर ऑक्सिजन द्या.

श्वास मोजा, आणि खरोखर मोजा. पाहणी-पत्रकात 'अंदाजे १८' लिहिलेलं दिसलं की मला फार वाईट वाटतं. ३० सेकंद मोजून दुप्पट करा, लय बिघडलेली असेल तर पूर्ण मिनिट. प्रौढ माणूस मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो. सोबत बघा : एका दमात पूर्ण वाक्य बोलता येतं का? बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते का? मानेचे स्नायू ताणले जातात का? मिनिटाला २८ श्वास आहेत पण छाती जेमतेम हलते, अशा माणसाला नुसता मास्क पुरणार नाही, त्याला अँबू बॅगेची, म्हणजे हाताने दाबून मास्कमधून हवा आत ढकलणाऱ्या पिशवीची, मदत लागेल.

प्रश्न : अँबू बॅग दाबताना मास्कच्या कडेने हवा निसटते आणि पोट फुगतं. काय चुकतं?

हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे. एका हाताने मास्क आणि दुसऱ्याने बॅग, ही पद्धत दिसते तितकी सोपी नाही. दोघे असाल तर एकाने दोन्ही हातांनी मास्क धरावा, दुसऱ्याने बॅग दाबावी. मास्क चेहऱ्यावर दाबू नका, जबडा मास्कमध्ये वर उचला. बोटं जबड्याच्या हाडावर हवीत. हनुवटीखालच्या मऊ भागावर गेली तर तुम्हीच जीभ मागे ढकलता. रुग्ण बेशुद्ध असेल आणि घशाशी काही गेल्यावर उबळ येत नसेल, तर तोंडातला एअरवे (जीभ मागे पडू न देणारी वाकडी नळी) घाला. माप ओठाच्या कोपऱ्यापासून जबड्याच्या कोनापर्यंत. कवळी घट्ट बसलेली असेल तर राहू द्या, गालांना आधार मिळतो. दाढीवर थोडी जेली लावली की गळती कमी होते.

आता पोट. प्रौढांच्या बॅगेत साधारण दीड लिटर हवा मावते. रुग्णाला लागते ५०० ते ६०० मिलिलिटर. घाईत पूर्ण बॅग पिळली की वाढलेल्या दाबाने अन्ननलिका उघडते आणि हवा पोटात जाते. मग उलटी होते, ती फुप्फुसात उतरते. म्हणून एका सेकंदात हलकेच दाबा, छाती उचलली जाताना दिसली की थांबा. नाडी लागत असेल तर प्रौढाला दर ६ सेकंदांनी एक श्वास, मुलांना दर २ ते ३ सेकंदांनी एक. भरभर दाबल्याने जास्त ऑक्सिजन मिळत नाही. उलट छातीतला दाब चढाच राहतो, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं. डोक्याला मार लागलेल्या रुग्णात कार्बन डायऑक्साइड घसरून मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. मनात हळू आकडे म्हणत राहा.

छाती हलतच नसेल तर जोर वाढवू नका. डोक्याची स्थिती पुन्हा नीट करा, तोंडात बघा, सक्शन करा (आतली लाळ, उलटी यंत्राने ओढून काढा). तान्ह्या बाळाचं डोकं मागून मोठं असतं, त्यामुळे मान पुढे वाकते. खांद्याखाली टॉवेलची छोटी घडी ठेवा.

प्रश्न : आम्ही श्वासनलिकेत नळी घालायला शिकलो आहोत. मग आय-जेलवर, म्हणजे घशात स्वरयंत्राच्या तोंडावर बसणाऱ्या नळीवर, एवढा भर का?

२०१८ साली इंग्लंडमधल्या एअरवेज-२ या अभ्यासाचे निष्कर्ष आले. हृदय बंद पडलेल्या नऊ हजारांहून अधिक रुग्णांत पॅरामेडिकनी आय-जेल वापरली की श्वासनलिकेत नळी घातली, यामुळे ३० दिवसांनंतरच्या चांगल्या प्रकृतीत लक्षणीय फरक पडला नाही. आय-जेल बसवायला लवकर होते आणि त्यासाठी छाती दाबणं थांबवावं लागत नाही. श्वासमार्ग भाजून सुजत चालला असेल तेव्हा नळीचं मोल वेगळंच, पण त्यासाठी हात सरावलेला हवा आणि कॅप्नोग्राफ (बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारं यंत्र) हवाच. नळीत वाफ दिसली, स्टेथोस्कोपने आवाज ऐकू आला, एवढ्यावर विसंबू नका. कार्बन डायऑक्साइडची लाट पडद्यावर दिसत नसेल तर नळी चुकीच्या जागी आहे असंच धरून चाला.

प्रश्न : दम्याच्या रुग्णाच्या छातीतली शीळ थांबली. नातेवाइकांना वाटलं, आराम पडला.

शीळ थांबली आणि तो मोकळेपणी बोलू लागला, तर आराम. शीळ थांबली आणि तो पेंगू लागला, तर हवा आत जाणंच थांबत आलं आहे. लगेच रुग्णालयाला कळवा, औषधं सुरू ठेवा. बॅग द्यावी लागलीच तर नेहमीपेक्षा सावकाश द्या, प्रत्येक श्वास पूर्ण बाहेर पडू द्या.

प्रश्न : बेशुद्ध माणूस मधूनच आचके देत होता. त्याला श्वास म्हणायचं का?

नाही. प्रतिसाद नाही आणि अधूनमधून आचके येतात, म्हणजे हृदय बंद पडलं आहे असं समजा. सीपीआर (छाती दाबणं आणि श्वास देणं) सुरू करा.

प्रश्न : मानेला इजा असेल तर श्वासमार्ग कसा उघडायचा?

डोकं मागे न झुकवता जबडा पुढे उचला, मान दुसऱ्याने स्थिर धरावी. तेवढ्याने मार्ग मोकळा झाला नाही, तर डोकं थोडं थोडं झुकवा. बंद श्वासमार्ग काही मिनिटांत जीव घेतो, त्यामुळे तो आधी. नाकातून किंवा कानातून रक्त अथवा पाण्यासारखा द्रव येत असेल तर नाकातला एअरवे टाळा. तोंडात रक्त असेल तर सक्शनची नळी दिसेल तेवढीच आत न्या आणि बाहेर काढताना ओढ सुरू करा. एका वेळी १० ते १५ सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये ऑक्सिजन द्या.