यवतमाळ जिल्ह्यात राहून ओपिनियन पोलच्या क्षेत्रात करिअर होतं का? पुढे स्वतःची सर्वे एजन्सी काढता येईल का?

तुम्ही लिहिलंय की राज्यशास्त्रात बी.ए. झालंय, घर घाटंजी तालुक्यात आहे आणि पुण्या-मुंबईला न जाता हे जमवायचंय. जमतं. मी फील्ड इन्व्हेस्टिगेटर (गावात जाऊन लोकांना विचारून फॉर्म भरणारा) म्हणून यात शिरलो, पुढे सुपरवायझर झालो आणि आता अमरावतीत बसून विदर्भातल्या खेड्यांची कामं घेणारी छोटी फील्ड एजन्सी चालवतो. पण निवडणुकीच्या पोलवर पोट भरेल असं समजून येत असाल तर येऊ नका. लोकसभा, विधानसभा, लागल्या तर झेडपीच्या निवडणुका, एवढाच तो सीझन. बाकीची वर्षं हा धंदा बियाणं, फवारणीची औषधं, ट्रॅक्टर, साबण-बिस्किटं यांच्या सर्वेवर चालतो, नाहीतर पोकरासारख्या सरकारी शेती प्रकल्पांच्या बेसलाइन-एंडलाइनवर, म्हणजे प्रकल्पाच्या आधीच्या आणि नंतरच्या सर्वेवर. टीव्हीवर झळकतो तो पोल, भाडं निघतं ते कपाशीच्या बियाण्यातून.

साखळी अशी असते: क्लायंट मोठ्या रिसर्च कंपनीला काम देतो, ती कंपनी आमच्यासारख्या फील्ड एजन्सीला देते आणि आम्ही पोरं गावात पाठवतो. विश्लेषण वर होतं, आकडा खाली जन्मतो. म्हणून मी म्हणतो की सुरुवात खालूनच करा. एसपीएसएस (आकडेवारीचं सॉफ्टवेअर) आणि एक्सेल नंतर शिकता येतं.

फील्डमधली खरी कसोटी म्हणजे यादीत नाव आलेलाच माणूस गाठणं. २०२४ च्या विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं, म्हणजे ऐन कापूस वेचणीत. दुपारी बारा वाजता गावात शिरलात तर पानठेल्यावरचे पुरुष, पारावरचे म्हातारे आणि सुट्टीवर आलेली पोरं भेटतात. वेचणीला गेलेल्या बाया दिवस मावळल्यावर परततात, मग चूल, मग पाणी. त्यांना गाठायचं तर सातनंतर जावं लागतं आणि परतीची एस.टी. तेव्हा नसते. आळशी इन्व्हेस्टिगेटर काय करतो? पानठेल्यावरच दहा फॉर्म उरकतो. गावाचं मत म्हणून वर जातं ते पानठेल्याचं मत. आमच्याकडे खरेदी केंद्रावर ग्रेडर वरवरचा कापूस पाहून भाव सांगत नाही, गाडीत कोपरापर्यंत हात घालून मूठ काढतो. सॅम्पलिंग म्हणजे तेवढंच.

बाई घरी भेटली तरी पहिलं उत्तर ठरलेलं असतं: “मले काय समजते त्यातलं, त्याइले इचारा.” आणि तो ‘त्याइले’, म्हणजे नवरा, बाजेवर बसून ऐकत असतो. इथे बाई इन्व्हेस्टिगेटर असली की फरक पडतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या बायांच्या मुलाखती बायाच घेतात, ते उगाच नाही. मताच्या प्रश्नासाठी लोकनीती-सीएसडीएस या दिल्लीच्या संशोधन संस्थेनं वर्षानुवर्षं साधी युक्ती वापरली: चिन्हं छापलेली नकली मतपत्रिका हातात द्यायची आणि घडी करून पेटीत टाकायला सांगायची. तोंडानं नाव घ्यावं लागलं नाही की तांड्यावरची आजीसुद्धा पाठ फिरवून शिक्का मारते आणि घडी नीट दाबून टाकते.

दुसरा घोळ आपल्या भागाचा खास. टॅब घेऊन कोणी दारात आलं की तो सरकारचाच माणूस. “पंचनाम्याले आले का?” “घरकुलाची यादी आली का सायेब?” एकदा हा समज झाला की शेती दोन एकर कमी सांगितली जाते, मोटारसायकल ‘पाव्हण्याची’ होते आणि सत्तेतल्या पक्षाबद्दल तक्रार निघत नाही. त्यामुळे पहिली दोन मिनिटं आपण कोण नाही हे सांगण्यात घालवायची. मी पोरांना कडक सांगून ठेवलंय, सरपंचाला भेटा, गावात आल्याचं कळवा, पण त्याला सोबत घेऊन घराघरात फिरू नका.

प्रश्नांचा क्रमही तसाच. २०२४-२५ साठी सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि शेतकरी बाजारात त्याच्या खालीच विकत होता. आधी “सोयाबीनला काय भाव मिळाला?” विचारलं आणि लगेच “मत कोणाला?” विचारलं तर उत्तर रागातून येतं. आधी लाडकी बहीणचे पैसे आले का विचारलं तर उलटं. प्रश्नावली लिहिणारा हुशार असतो, कधीकधी नको तितका. तुम्हाला वाटलं प्रश्न कलता आहे, तर पायलटच्या, म्हणजे आधीच्या चाचणी फेरीच्या, वेळीच बोला.

गावातल्या नेत्याचा हमखास प्रश्न: “एवढ्या मतदारसंघात हजार लोकं विचारून काय कळणार?” त्याला १९३६ ची अमेरिका सांगतो. लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकानं जवळपास एक कोटी नकली मतपत्रिका पोस्टानं पाठवल्या, वीस लाखांवर परत आल्या आणि त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाला लँडन जिंकणार म्हणून जाहीर केलं. जिंकले रूझवेल्ट, ४८ पैकी ४६ राज्यं घेऊन. पोल घेणाऱ्या जॉर्ज गॅलपनं त्याच्या कितीतरी कमी लोकांना विचारून विजेता बरोबर सांगितला. डायजेस्टच्या याद्या फोनवाल्यांच्या आणि मोटारवाल्यांच्या होत्या. नीट निवडलेल्या हजारांमागे चूक साधारण तीन टक्के इकडे-तिकडे. वाईट निवडलेल्या लाखांमागे किती, ते कोणी सांगू शकत नाही.

पण हे तीन टक्केच जीव घेतात. २०२४ च्या लोकसभेत महाराष्ट्रात दोन्ही आघाड्यांची मतं जवळजवळ सारखी होती, जागा मात्र महाविकास आघाडीला ३० आणि महायुतीला १७. विदर्भातल्या १० पैकी ७ महाविकास आघाडीकडे गेल्या. १ जूनच्या संध्याकाळी बहुतेक एक्झिट पोल देशात एनडीएला साडेतीनशेच्या वर देत होते, ४ जूनला निघाल्या २९३. मतांची टक्केवारी फील्डमधून येते, तिची जागांमध्ये भाषांतर करताना अंदाज शिरतो. चॅनेलवाल्यांना जागाच हव्या असतात, त्याला इलाज नाही.

इच्छुक उमेदवारांची कामं जपून घ्या. त्यांना बऱ्याचदा सर्वे नको असतो, तिकीट मागताना वर दाखवायला कागद हवा असतो. “थोडा आकडा वाढवून द्या ना भाऊ.” मी नाही देत. खरा सर्वे हवा असेल तर पैसे मतदानाच्या आधी पूर्ण, कारण पडलेला उमेदवार फोन उचलत नाही आणि निवडून आलेला तर मुळीच नाही. आणि कायदा वाचून ठेवा: लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६अ नुसार निवडणूक आयोगानं ठरवलेल्या मुदतीत एक्झिट पोल घेणं आणि छापणं दोन्हीला बंदी आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेलंही त्यात धरून चाला.

एजन्सी बुडते ती पैशाच्या चक्रात. पोरांना आठवड्याला पैसे द्यावे लागतात, कंपनीचं बिल मात्र तीन-तीन महिने लटकतं, आणि जीएसटी नोंदणी असेल तर १८ टक्के कर पुढच्याच महिन्यात भरायचा, बिल सुटो न सुटो. सेवांसाठी वर्षाला २० लाखांच्या आत उलाढाल असेल तर नोंदणीची सक्ती नाही. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) मात्र पहिल्या दिवशी करा. मग लेखी करार असेल तर कंपनीला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर त्या वर्षी समोरच्याला तो खर्च आयकरात दाखवता येत नाही. मार्च जवळ आला की या एका वाक्यानं अडकलेली बिलं हलतात.

पोरांना फॉर्ममागे पैसे देऊ नका, दिवसाचे द्या. फॉर्ममागे दिले की झाडाखाली बसून फॉर्म भरले जातात. टॅबमध्ये जागेची (जीपीएस) आणि मुलाखतीच्या आवाजाची नोंद व्हायला लागल्यापासून ते कमी झालंय, बंद नाही. शंका आली की मी स्वतः त्या घरी जातो.

पहिलं काम मिळालं की रेटमध्ये पेट्रोल वेगळं लिहून घ्या. धारणीच्या बाजूच्या गावात कोरकू बोलणारा माणूस सोबत लागतो, त्याची रोजीही वेगळी धरा. पुण्यात बसून रेट काढणारा नकाशावर किलोमीटर मोजतो, त्यात घाट येत नाही.