नवरा फायर ब्रिगेडमध्ये आहे, लहान मुलाचा मृतदेह काढल्यापासून गप्प आणि रात्री दचकतो. बडोद्यात मदत कुठे मिळेल?

ताई, माझे बाबा बंबावर होते, म्हणून ही शांतता ओळखीची आहे. बडोद्यातल्याच हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ ला शाळेच्या सहलीची बोट उलटली, तेव्हा मुलांना बाहेर काढायला उतरलेल्यांच्या घरीही हेच झालं असणार.

आधी ‘काय झालं ते सांगा ना’ हा आग्रह सोडा. प्रसंग लगेच खोदून वदवून घेणं फायद्याचं नसतं, जागतिक आरोग्य संघटनाही तसं करू नका म्हणते. बाबा आले की आई बादलीत गरम पाणी काढायची, धुराचा वास मारणारा गणवेश मागच्या अंगणात टाकायची आणि जवळ बसून शेंगा सोलायची. अर्ध्या तासाने बाबा आपणहून बोलायला लागायचे, शेंगांकडे बघत.

पहिले काही आठवडे दचकणं, चिडणं स्वाभाविक. महिना उलटूनही स्वप्नं, त्या रस्त्याने जायचं टाळणं चालूच असेल किंवा रोज दारू लागत असेल (हो, गुजरातेतही मिळते), तर डॉक्टर गाठा. कारेलीबागेत सरकारी मानसिक रुग्णालय आहे. सयाजी हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे, तिथे केसपेपर काढायला ‘लोक काय म्हणतील’ कमी आडवं येतं.

रात्री घाबरलात तर टेली-मानस, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६. फुकट, चोवीस तास. तो नाही म्हणाला तरी तुम्ही स्वतःसाठी लावा, तुमचीही झोप उडालीच आहे की. जिवाचं काही बोलला तर मात्र वाट बघू नका, एकटं सोडू नका, ११२ लावा.