फॅमिली मेडिसिन घेऊ का, पण लोक काय म्हणतील?

नीट पीजीचा, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की सांगलीत माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, मेडिसिन लागत नाहीये, गायनॅक तर नाहीच, फॅमिली मेडिसिन मिळेल, पण अजून तीन वर्षं घालवून परत जीपीच, म्हणजे साधा जनरल डॉक्टरच, व्हायचं का?" फॅमिली मेडिसिन म्हणजे घरातल्या लहानथोर सगळ्यांना बघणाऱ्या डॉक्टरची शाखा.

मागे मिरजेत इंटर्नशिप करणारी एक मुलगी आली होती (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत). तासगावकडची, घरी द्राक्षबाग, घराण्यातली पहिली डॉक्टर. तिच्यासमोर दोन पर्याय होते, पॅथॉलॉजी नाहीतर फॅमिली मेडिसिन. पॅथॉलॉजीबद्दल बोलताना लॅब, कमाई, नाईट ड्युटी नाही, एवढंच दोन मिनिटात संपलं, आणि पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) पोस्टिंगचा विषय निघाला तर थांबेचना, एकाच घरातली आजी शुगरला, सून बाळंतपणानंतर, नातू खोकल्याला, सगळे हिच्याकडेच यायचे म्हणे. मी फक्त हा फरक तिला दाखवला.

आता माहितीचं बघू, कारण निम्मी भीती माहिती नसल्याची असते. फॅमिली मेडिसिनचं डीएनबी (नॅशनल बोर्डाची पीजी डिग्री) तीन वर्षांचं, त्यात मेडिसिन, सर्जरी, गायनॅक, पेडियाट्रिक्स सगळीकडे पोस्टिंग, थिसिसपण आहे. डिप्लोमा दोन वर्षांचा. एमडीपण आहे पण जागा फारच कमी. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात या शाखेला चालना द्यायचं लिहिलंय, पण बहुतेक मेडिकल कॉलेजात हा विभागच नसतो, मग पोरांनी या विषयाचे सर कधी बघितलेलेच नसतात, त्यांना आवडणार तरी कुठून? म्हणून मी तिला म्हटलं, आधी डीएनबी करणाऱ्या कुणाच्या तरी ओपीडीत बसून ये. आणि दुसरं काही मिळालं नाही एवढ्यासाठीच कुणी ही शाखा घेत असेल तर मी स्पष्ट सांगते, नको घेऊस, तीन वर्षं कुढत काढशील.

ती बसून आली, तिला आवडलं. खरी अडचण पप्पांची निघाली. ते म्हणाले, "पाव्हणं इचारत्यात, पोरगी कशाची डॉक्टर? काय सांगू त्यास्नी?" डीएनबी ही एमडीच्या बरोबरीची डिग्री आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. ते ऐकल्यावर जरा निवळले, मग थेट दवाखाना कुठं टाकायचा, तासगावात का विट्यात, यावरच आले.

तिनं प्रवेशाचे चॉइस भरताना फॅमिली मेडिसिन वर ठेवलं, पॅथॉलॉजी खाली. पप्पा मात्र अजून मधूनच फोन करून विचारतात, पुढच्या साली गायनॅक नाही का मिळायचं?