१८९९ मध्ये सहा दिवसांत पाच सामने जिंकणाऱ्या सवानी कॉलेजचं नंतर काय झालं?

तुमचा प्रश्न असा: टेनेसीतल्या एका छोट्या कॉलेजने अमेरिकन फुटबॉलमध्ये सहा दिवसांत पाच विद्यापीठांना हरवलं आणि एकही गुण दिला नाही, ही थाप आहे का? आणि खरं असेल तर तो संघ आज कुठेच का दिसत नाही?

थाप नाही. कॉलेजचं अधिकृत नाव युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ, पण सगळे गावाच्या नावाने सवानी म्हणतात. जुने निकाल शोधताना दोन्ही नावांनी शोधा, नाहीतर अर्धे सापडत नाहीत.

१८९९ च्या नोव्हेंबरमधला तो दौरा असा होता. ९ तारखेला ऑस्टिनमध्ये टेक्सासवर १२-०. १० ला ह्यूस्टनमध्ये टेक्सास ए अँड एमवर १०-०. ११ ला न्यू ऑर्लीन्समध्ये टुलेनवर २३-०. १२ ला रविवार, सुट्टी. १३ ला बॅटन रूजमध्ये लुइझियाना स्टेटवर ३४-०, आणि १४ ला मेम्फिसमध्ये मिसिसिपीवर १२-०. जाऊन-येऊन सुमारे ४,००० किलोमीटरचा रेल्वेप्रवास. ह्यूस्टन ते न्यू ऑर्लीन्स हे अंतर साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे संध्याकाळी सामना संपवून गाडीत बसायचं, रात्र डब्यात काढायची आणि उतरलं की पुन्हा मैदान.

एवढा आटापिटा कशासाठी? पैशासाठी. सवानीच्या मोसमातला कमाईचा सामना टेनेसीतल्याच व्हँडरबिल्ट विद्यापीठाशी असायचा. त्या वर्षी तिकिटांच्या पैशांच्या वाटणीवरून दोघांचं बिनसलं आणि सामनाच झाला नाही. संघाचा व्यवस्थापक ल्यूक ली हा स्वतः विद्यार्थी. त्याने ही तूट भरून काढायला एका फेरीत बसतील तेवढे सामने ठरवले. (हा ली पुढे अमेरिकन सिनेटर झाला आणि १९१९ मध्ये नेदरलंड्समध्ये आसरा घेतलेल्या जर्मन कैसरला (माजी सम्राटाला) पळवून आणायला गेला होता. जमलं नाही. त्यामानाने हा दौरा सोपा म्हणायचा.)

आता हे शक्य कसं झालं. इथे आजचा खेळ डोळ्यांसमोर आणला की हिशोब चुकतो. तेव्हा पुढे पास फेकायला परवानगी नव्हती, ती १९०६ मध्ये मिळाली. तीन प्रयत्नांत पाच यार्ड सरकायचं होतं, नाहीतर चेंडू समोरच्या संघाकडे जायचा. चार प्रयत्न आणि दहा यार्ड हे नंतरचं. त्यामुळे खेळ म्हणजे बहुतांशी मधल्या गर्दीतली रेटारेटी. चेंडू घेतलेल्या गड्याला त्याचेच साथीदार मागून ढकलत, पुढून ओढत, आणि ते नियमात बसत होतं. कबड्डीतली साखळी अकरा जणांनी धरली आणि समोरूनही अकरा जणांची साखळी येऊन आदळली, असं काहीसं डोळ्यांसमोर आणा. ३५-३५ मिनिटांचे दोन डाव. हल्ल्याला आणि बचावाला तेच अकरा जण. एकदा बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नसे, म्हणून मुका मार लागला तरी कोणी बाहेर जायला तयार नसायचं.

याचा फायदा छोट्या कॉलेजला होत होता, आणि माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. जिथे अकरा-बारा जणांतच सामना उरकतो, तिथे समोरच्याकडे किती विद्यार्थी आहेत याला फारसा अर्थ नसतो. बारा दणकट, एकमेकांना सरावलेले गडी असले की झालं. सवानीकडे ते होते: कर्णधार हेन्री ‘डिडी’ साइबल्स, लाथेने चेंडू लांब मारणारा ऑर्मंड सिम्किन्स, आणि प्रशिक्षक बिली सूटर.

स्कोअर वाचतानाही जपा. तेव्हा टचडाऊनला (चेंडू समोरच्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेण्याला) ५ गुण होते (६ झाले १९१२ मध्ये), त्यानंतर लाथेने मारलेल्या गोलला १ आणि खेळ चालू असताना मैदानातून लाथेने मारलेल्या गोललाही ५. म्हणजे २३-० हा स्कोअर आजच्या मापाने वाटतो त्याहून मोठा विजय आहे. पूर्ण मोसमात १२ पैकी १२ सामने जिंकले, ३२२ गुण केले आणि १० दिले. ‘वर्षभर एकही गुण दिला नाही’ असं कुठे वाचलंत तर ते चूक. जॉन हाइझमन प्रशिक्षक असलेल्या ऑबर्न विद्यापीठाने ते १० गुण केले होते आणि सवानी तो सामना ११-१० असा जेमतेम जिंकली. ‘पाच दिवसांत पाच’ हेही चूक, रविवार मोजायला विसरतात. आणि देशात सर्वोत्तम म्हणायचं तर ईशान्येकडच्या हार्वर्ड, प्रिन्स्टनसारख्या कोणाशीही ते त्या वर्षी खेळलेच नाहीत.

पुढचं उताराचं आहे. डिसेंबर १९३२ मध्ये साउथईस्टर्न कॉन्फरन्स (आपसात सामने खेळणाऱ्या आग्नेयेकडच्या विद्यापीठांचा गट) स्थापन झाली, तेव्हाच्या १३ सदस्यांत सवानी होती. उरलेल्या १२ पैकी सात जणांना तिने १८९९ मध्ये धूळ चारली होती: जॉर्जिया, जॉर्जिया टेक, टेनेसी, टुलेन, लुइझियाना स्टेट, मिसिसिपी, ऑबर्न. पण मधल्या तीस वर्षांत ती सरकारी विद्यापीठं फुगली होती. नियम सैल झाल्यामुळे बाकावर ताज्या दमाचे किती जण बसलेत याला किंमत आली, खेळाडूंना शिष्यवृत्त्या सुरू झाल्या आणि मोठी मैदानं बांधली गेली. सवानी मात्र पठारावरचं, चर्चच्या छायेतलं, फक्त मुलांचं छोटं कॉलेज राहिली (मुलींना प्रवेश १९६९ मध्ये). १९३३ ते १९४० या आठ मोसमांत कॉन्फरन्समधले ३७ सामने आणि ३७ पराभव. बहुतेक सामन्यांत खातंही उघडलं नाही. कॉन्फरन्सबाहेर मात्र अधूनमधून जिंकत होते. ‘आठ वर्षं एकही विजय नाही’ ही आणखी एक पसरलेली चूक.

कॉलेजचे तेव्हाचे प्रमुख अलेक्झांडर गेरी यांचं म्हणणं होतं की खेळण्यासाठी विद्यार्थ्याला पैसे देणं कॉलेजचं काम नाही. १९४० च्या शेवटी सवानी कॉन्फरन्समधून बाहेर पडली. महायुद्धात संघ थांबला आणि नंतर शिष्यवृत्त्यांशिवाय पुन्हा उभा राहिला. आपल्या वजनाच्या कॉलेजांशी खेळू लागल्यावर चित्र लगेच पालटलं. शर्ली मेजर्स (इथे पुरुषाचं नाव) १९५७ ते १९७७ प्रशिक्षक होते. त्यांच्या संघाने १९५८ आणि १९६३ मध्ये एकही सामना हरला नाही. म्हणून ‘सवानीचा फुटबॉल संपला’ हे म्हणणं मला पटत नाही. चुकीच्या आखाड्यातून तो बाहेर आला, इतकंच.

तो दिसत नाही याचं कारण आज तो कॉलेज खेळांच्या तिसऱ्या डिव्हिजनमध्ये (सर्वांत खालच्या गटात) आहे. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही आणि टीव्हीवर ते सामने क्वचितच येतात. दौऱ्यात हरलेले टेक्सास ए अँड एम आणि टेक्सास मात्र अनुक्रमे २०१२ आणि २०२४ मध्ये त्याच साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये दाखल झाले. सवानी आता ज्या वेगळ्या, छोट्या कॉन्फरन्समध्ये खेळते, तिथे १८९९ च्या प्रतिस्पर्ध्यांपैकी एकच नाव आहे, साउथवेस्टर्न प्रेस्बिटेरियन. तेव्हा ५४-० ने हरलेलं ते कॉलेज आता मेम्फिसमध्ये ऱ्होड्स कॉलेज म्हणून ओळखलं जातं.