वाचक विचारतात : पाऊस दडी मारून बसलाय, जिवाणूंची बाटली ओतू का?

यावेळी आलेल्या पत्रांतली निम्मी पत्रं जिवाणू, मायकोरायझा आणि त्यांच्या बाटल्यांबद्दलची आहेत. तेव्हा हा अंक त्यांचाच, लिंबावरचा कोळी आणि कुंडीतल्या मुंग्या पुढच्या वेळी.

प्रश्न : सोयाबीन पस्तीस दिवसांचं आहे, वीस दिवस झाले थेंब नाही. दुपारी पानं उलटी होतात. दुकानदार म्हणतो, ही जिवाणूंची बाटली सोडा, पीक ताण सहन करेल. खरंच असं काही असतं का पैसे पाण्यात?
(एक शेतकरी वाचक, बार्शी तालुका)

असतं, खरंच असतं. पण विसाव्या दिवशी बाटली ओतून ते होत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

मुळात होतं काय ते बघा. आपण आंब्याची अढी घालतो तेव्हा आंबे ज्या वायूनं पिकतात तो इथिलीन, तोच वायू तुमचं सोयाबीनही तयार करतं, आणि ताण पडला की जरा जास्तच करतं. मुळांना कोरड लागली की त्यांच्यात एसीसी नावाचा पदार्थ साठतो आणि त्यापासून हा इथिलीन बनतो. थोडा असला तर ठीक, झाड सावध होतं. पण जास्त झाला की मुळांची वाढ थांबते, पानं पिवळी पडून गळायला लागतात, म्हणजे ज्या वेळी मूळ खाली ओलीकडे जायला पाहिजे नेमकं त्याच वेळी ते जागेवर बसतं. पाणी कमी पडलं त्यापेक्षा झाड घाबरलं याचंच नुकसान कधी कधी मोठं असतं.

आता मुळाला चिकटून राहणारे काही जिवाणू असे आहेत की ते हा एसीसीच खातात. उपकार म्हणून नाही, त्यात नायट्रोजन असतो आणि त्यांना तो हवा असतो. पण त्यांच्या या खादाडपणामुळे इथिलीन कमी बनतो आणि मूळ वाढत राहतं. हे एसीसी फोडणारं एन्झाइम जपानमध्ये 1978 साली सापडलं, आणि त्याचा झाडाच्या ताणाशी संबंध कसा लागतो याची मांडणी कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठातल्या बर्नार्ड ग्लिक यांच्या गटानं 1998 मध्ये केली. काही जिवाणू तर मुळाभोवती बुळबुळीत चिकट थर सोडतात, तो पाणी धरून ठेवतो आणि मातीचे कण मुळाला चिकटलेले राहतात. कोरड्या रानातून एखादं गवत हळूच उपटून बघा, मुळांवर मातीचा मोजा घातल्यासारखा दिसतो, त्यात मुळाच्या बारीक केसांबरोबर या चिकटपणाचाही हात असतो.

पण हे सगळं कधी होतं, तर मूळ लहान असतानाच ते जिवाणू तिथं वस्तीला आलेले असतील तर. आत्ता तुमच्या रानात वरची चार बोटं माती भाजलेली आहे, त्यात बाटलीतले जिवाणू ओतले तर ते बिचारे मुळापर्यंत पोचायच्या आतच वाळतील. आणि पोचले तरी पाणी ते कुठून आणणार? ते वेळ मिळवून देतात, पाऊस नाही. तुमच्या रानात आज कामाचं काय, तर पीक फुलावर आलं नसेल तर एक हलकी कोळपणी (ओळींमधली वरची माती उकरणं), म्हणजे भेगा बुजतील, आणि विहिरीत असेल तर शेंगा भरताना एक संरक्षित पाणी. बाटलीचे पैसे त्या पाण्याच्या डिझेलला घाला.

जाता जाता एक करा. सोयाबीनचं एक झाड खुरप्यानं मुळासकट काढा, मुळावरची गाठ नखानं चिरा. आत गुलाबी-लालसर दिसली तर रायझोबियम, म्हणजे हवेतला नायट्रोजन पिकाला देणारा गाठीतला जिवाणू, कामावर आहे, हिरवट किंवा राखाडी असेल तर त्यानं काम थांबवलंय. ताणात गाठी फार लवकर बंद पडतात, म्हणून दोनचार झाडांच्या बघा, एकावर निकाल देऊ नका.

आणि बाटलीचं लेबल वाचा हो. जिवाणू खत असेल तर जिवाणूचं नाव, बॅच, वापराची मुदत आणि संख्या लिहिलेली पाहिजे. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे पावडरच्या जिवाणू खतात ग्रॅमला किमान 5 कोटी आणि द्रवरूपात मिलीला किमान 10 कोटी जिवंत जिवाणू लागतात. 'ताण सहन करणारं' म्हणून जे विकलं जातं त्यातलं पुष्कळसं समुद्री शेवाळाचा अर्क नाहीतर ह्युमिक असतं. ते वाईट असतं असं नाही, पण ते जिवाणू नाहीत, आणि दुकानदार दोन्ही एकाच दमात सांगतो.

प्रश्न : गच्चीवर कुंड्यांत मायकोरायझा घातलं. टोमॅटो आणि वांगी एप्रिलच्या उन्हातसुद्धा टिकली, पण पालक आणि कोबीला काडीचाही फरक नाही. माझं काय चुकलं?
(एक वाचक, ठाणे)

तुमचं काहीच चुकलं नाही, पालक आणि कोबीचंच जमत नाही. मायकोरायझा ही मुळात शिरून राहणारी बुरशी, जमिनीवरच्या बहुतेक झाडांशी तिची जुनी सोयरीक आहे. किती जुनी, तर स्कॉटलंडमध्ये ऱ्हायनी गावाजवळ सापडलेल्या सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांमध्येसुद्धा ती झाडाच्या आत बसलेली दिसते. पण कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी हे एक घराणं आणि पालक, बीट, चाकवत हे दुसरं, या दोघांनी ही सोयरीक जवळजवळ मोडलीच आहे. तिथे कितीही पाकिटं घाला, बुरशी दारात उभी राहते, आत कोणी घेत नाही. पाकिटावर मात्र 'सर्व पिकांसाठी' असं छापलेलं असतं.

टोमॅटोला फायदा का झाला, तर या बुरशीचे धागे मुळाच्या केसापेक्षाही बारीक असतात, ज्या भेगेत मूळ शिरत नाही तिथे ते शिरतात आणि मुळापासून काही सेंटिमीटर लांबचं पाणी आणि स्फुरद (फॉस्फरस) आणून देतात. बदल्यात झाड त्यांना साखर देतं. व्यवहार चोख असतो, आणि म्हणूनच एक गोष्ट लक्षात ठेवा, कुंडीत डीएपी या स्फुरदाच्या खताचा मारा केलात तर झाडाला स्फुरद फुकटच मिळतं, मग ते बुरशीला साखर देणं कमी करतं आणि ती निघून जाते. माझ्याकडे येणाऱ्या 'मायकोरायझा चाललं नाही' या तक्रारींत निम्म्या वेळा कारण हेच निघतं, एका हातानं मायकोरायझा आणि दुसऱ्या हातानं चमचाभर डीएपी.

कोबीसाठी काहीच नाही का, तर आहे एक बुरशी, आणि ती आपल्या थरच्या वाळवंटातली. अजित वर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये तिथल्या काटेरी झुडपांच्या, म्हणजे वेडी बाभूळ आणि रानबोरीच्या मुळांशी एक नवी बुरशी सापडल्याचं प्रसिद्ध केलं, तिचं नाव तेव्हा ठेवलं पिरिफॉर्मोस्पोरा इंडिका (आता तिला सेरेंडिपिटा इंडिका म्हणतात). बीजाणू पेअर फळासारखे दिसतात म्हणून ते नाव. मायकोरायझाला वाढायला जिवंत मूळ लागतंच, हिला नाही, ही प्रयोगशाळेत साध्या खाद्यावरही वाढते, आणि मोहरीच्या घराण्यातल्या झाडांच्या मुळातही राहते. जर्मनीतल्या संशोधकांनी 2005 मध्ये दाखवलं की ही मुळात असली की बार्लीला खारटपणाही जास्त सोसतो. वाळवंटातल्या बोरीखालची गोष्ट जर्मनीतल्या बार्लीला कामी आली, मला तर हे वाचून फार मजा वाटली होती.

प्रश्न : आमची अडीच एकर क्षारपड झालीय, उन्हाळ्यात वर पांढरं मीठ फुटतं. ऊस गुडघ्याएवढाच राहतो. मीठ खाणारे जिवाणू मिळतात असं ऐकलं, कुठले घ्यावेत?
(एक ऊस उत्पादक, शिरोळ तालुका)

दादा, मीठ खाणारा जिवाणू कुणी विकत असेल तर त्याला आधी घरातला मिठाचा डबा खाऊन दाखवायला सांगा. मीठ खाऊन संपत नाही, ते पाण्याबरोबर बाहेर काढावं लागतं. तुमच्या भागात वर्षानुवर्षं उसाला पाट भरून पाणी दिलं, खालची पाण्याची पातळी वर आली, आणि पाणी उडून जाताना क्षार वर ठेवून गेलं. यावर पहिला उपाय चर किंवा जमिनीखालची निचरा पाइपलाइन. माती चोपण असेल, म्हणजे सामू (पीएच) साडेआठच्या वर आणि सोडियम जास्त, तर माती परीक्षणाप्रमाणे जिप्सम. आणि पाणी कमी, हे सांगितलेलं कुणालाच आवडत नाही पण तेच खरं.

मग जिवाणूंचं काम काय? कैरीच्या फोडींना मीठ चोळलं की त्या पाणी सोडतात ना, तसंच खारट मातीत मुळाचं होतं. पायाखाली चिखल आणि झाड तहानलेलं. शिवाय सोडियम आत घुसतो आणि पोटॅशला बाजूला सारतो. काही जिवाणूंचा तो चिकट थर मी वर सांगितला, तो थोडा सोडियम बाहेरच धरून ठेवतो. मायकोरायझा असेल तर झाडाच्या आत सोडियमच्या मानानं पोटॅश बरं राहतं. झाड स्वतः प्रोलीनसारखे पदार्थ साठवून पेशीतलं पाणी धरून ठेवायला बघतं, त्यालाही जिवाणूंमुळे मदत होते. म्हणजे उगवण सुधारते, पहिले दोनतीन आठवडे रोप तग धरतं. मध्यम खारट रानात हा फरक डोळ्यांना दिसतो, पार पांढऱ्या झालेल्या रानात नाही.

एक लक्षात घ्या, गोड्या मातीत वाढवलेला जिवाणू खारट मातीत टाकला तर आधी तोच मरतो. म्हणून कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेच्या लखनौ केंद्रानं क्षारयुक्त जमिनीत तग धरणारे जिवाणू घेऊन हॅलो-अ‍ॅझो, हॅलो-पीएसबी (पीएसबी म्हणजे स्फुरद विरघळवणारे जिवाणू) अशी द्रवरूप जिवाणू खतं तयार केली. ताणाच्याच विषयावर काम करणारी राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था तर आपल्या बारामतीजवळ माळेगावलाच आहे, तिकडे एक फेरी मारा, शेतकऱ्याशी बोलतात. निचऱ्याचं काम झालं की पहिल्या वर्षी धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक घ्या, तो खारट रानात उगवतो, त्याच्या मुळावर गाठी असतात, आणि फुलावर यायच्या आत गाडला की जिवाणूंना खायलाही मिळतं. ऊस त्यानंतर.

प्रश्न : मी अकरावीला आहे. उष्णता सहन करायलाही झाडाला सूक्ष्मजीव मदत करतात का? प्रोजेक्टसाठी एक चांगलं उदाहरण हवंय.
(एक विद्यार्थिनी, नाशिक)

तुला माझं सगळ्यात आवडतं उदाहरण देतो. अमेरिकेत यलोस्टोन नॅशनल पार्कमध्ये गरम पाण्याच्या झऱ्यांजवळची जमीन इतकी तापलेली असते की तिथे काही उगवेल असं वाटत नाही, तरी तिथे एक गवत उगवतं. शास्त्रज्ञांनी बघितलं तर त्या गवतात कर्व्हुलारिया नावाची बुरशी राहत होती. गवत एकटं वाढवलं तर 40 अंशांच्या आसपास हार मानतं, बुरशी एकटी वाढवली तरी तसंच, आणि दोघं एकत्र असली की 65 अंश तापलेल्या मातीतही गवत जगलं. हे 2002 मध्ये प्रसिद्ध झालं.

पण गंमत पुढे आहे. 2007 मध्ये कळलं की बुरशीच्या आत एक विषाणू असतो, आणि तो विषाणू काढून टाकला की बुरशी असूनही गवत मरतं! विषाणू परत घातला की परत जगतं. म्हणजे गवत, त्यात बुरशी, त्यात विषाणू, असं तिघांचं एकत्र कुटुंब. तीच बुरशी विषाणूसकट टोमॅटोत घातली तर त्याचीही उष्णता सोसायची ताकद वाढली. प्रोजेक्टमध्ये तीन कुंड्यांचं चित्र काढ, एकीत नुसतं गवत, दुसरीत बुरशी पण विषाणू नाही, तिसरीत तिघं. परीक्षक विषाणूपाशी नक्की थांबतील.

प्रश्न : बियाण्याला रायझोबियम, पीएसबी लावतो, पण गाठी येतच नाहीत. पाकीट सरकारी होतं, म्हणजे खात्रीचं होतं.
(एक वाचक, वाशिम जिल्हा)

पाकीट खात्रीचं असेल, पण दुकानातून रानापर्यंत ते कसं आलं? मी स्वतः एका मे महिन्यात चार पाकिटं गाडीच्या काचेपाशी ठेवून दिवसभर गावात फिरलो होतो, संध्याकाळी हात लावला तर पाकीट तव्यासारखं. तरी लावलं बियाण्याला, कारण टाकवेना. त्या वर्षी गाठ शोधायला भिंग लागलं असतं.

दुसरं, पाकीट कुठल्या पिकाचं? सोयाबीनचं रायझोबियम वेगळं, तुरीचं वेगळं, हरभऱ्याचं वेगळं, एकाचं दुसऱ्याला चालत नाही. तिसरं म्हणजे क्रम, आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, आणि जिवाणू सगळ्यात शेवटी. उलटं केलं किंवा एकाच घमेल्यात सगळं कालवलं, तर औषधानं आधी जिवाणूच जातात. गुळाचं पाणी करायचं, पूर्ण थंड होऊ द्यायचं (गरम गुळपाण्यात पाकीट ओतणारे मी बघितलेत), 250 ग्रॅमचं पाकीट साधारण 10 किलो बियाण्याला, हलक्या हातानं चोळायचं कारण सोयाबीनचं साल नाजूक, सावलीत पसरायचं आणि त्याच दिवशी पेरायचं. उद्यावर ठेवलंत तर उद्या पाऊस येतो, पेरणी पुढे जाते आणि बियाणं तसंच पडून राहतं. आणि पेरायचं तेही वापसा, म्हणजे मातीत बेताची ओल बघूनच, धूळपेरणीत (पावसाआधी कोरड्या मातीत पेरताना) हे जिवाणू लावून उपयोग नाही.