‘इन्फर्मेशन हायडिंग’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: सॉफ्टवेअरवरच्या मराठी लेखात ‘मॉड्यूल’ला (म्हणजे प्रोग्रामच्या स्वतंत्र भागाला) ‘विभाग’ आणि ‘इन्फर्मेशन हायडिंग’ला ‘माहिती लपवणे’ म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते दोन्ही टाळावेत. मराठीत माहिती लपवणारा, दडवणारा माणूस काहीतरी गैर करत असतो. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पारनास यांनी १९७२ साली ‘इन्फर्मेशन हायडिंग’ची कल्पना मांडली, तेव्हा त्यांचा रोख गुप्ततेवर नव्हता, बदलांवर होता. उद्या बदलू शकेल असा निर्णय एकाच मॉड्यूलला ठाऊक असावा, बाकीच्यांचं त्यावाचून अडू नये.

त्यांचंच उदाहरण घेऊ. ओळीतला पहिला शब्द उचलून शेवटी न्यायचा, असं फिरवत राहायचं आणि मिळालेल्या सगळ्या ओळी वर्णानुक्रमे छापायच्या. ‘पानिपतची तिसरी लढाई’ मग ‘तिसरी लढाई पानिपतची’ आणि ‘लढाई पानिपतची तिसरी’ अशीही सापडते. सूचीसाठी फार सोयीचं. आता हा प्रोग्राम वाचणे, फिरवणे, क्रम लावणे, छापणे अशा टप्प्यांवर तोडला, तर ओळी मेमरीत कशा साठवल्यात हे चौघांनाही माहीत असावं लागतं. साठवण्याची पद्धत बदलली की चारही ठिकाणी हात घालावा लागतो. पारनास यांनी साठवणुकीचं वेगळं मॉड्यूल केलं. इतरांनी त्याला एवढंच विचारायचं: अमक्या ओळीतल्या अमक्या शब्दातलं अमकं अक्षर कोणतं?

‘विभाग’ म्हटलं की टप्प्यांची ती पहिली तोडच डोळ्यासमोर येते. त्यापेक्षा ‘मॉड्यूल’ रुळलेला आहे, तोच ठेवावा.

‘लपवणे’चा गैरसमज इंग्रजीतही झालाच. आयबीएमच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम सांभाळलेले फ्रेड ब्रुक्स १९७५ मध्ये या कल्पनेच्या विरोधात होते. सगळ्या प्रोग्रामरना सगळं दिसावं, असं त्यांचं मत. १९९५ मध्ये त्यांनी स्वच्छ लिहिलं, की पारनास बरोबर होते, मी चुकलो.

संज्ञाच हवी असेल तर मी ‘माहितीगोपन’ घेईन. ‘गुप्’ धातूत झाकण्याइतकंच राखणंही आहे, आणि इथे तेच अभिप्रेत आहे. ‘गोपनीय’मुळे सरकारी फायलीचा वास येतो खरा, म्हणून पहिल्या वापराला एका वाक्यात खुलासा द्यावा. एरवी लिहिण्याच्या ओघात संज्ञेची गरजही पडत नाही: ‘ओळी कशा साठवायच्या, हे हे मॉड्यूल स्वतःपाशी ठेवतं.’